मागे ओतलेलं पाणी

नाझमियेला मोटारसायकल चालवताना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी म्हणाले, ही बाई आता स्वतः मरते आणि आणखी कुणाला तरी घेऊन मरते. गाडी तिच्या नवऱ्याची, हुलुसीची. जुनी जावा, आणि शेजारी एका चाकावर बसवलेली लोखंडी टोपली. आमच्या खोऱ्यात द्राक्षांच्या पेट्या, खताची पोती, बोकड, बायकापोरं सगळं या टोपल्यांतूनच जातं. लग्न झाल्यापासून नाझमियेही टोपलीतच बसायची, मांडीवर डबा घेऊन, डोक्यावरचा रुमाल दातांत धरून. मग गेल्या वर्षी ऐन तोडणीत हुलुसी वेलीखाली कोसळला. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. मळा घरापासून लांब, एकुलती एक मुलगी लग्न होऊन इझमिरला, आणि दुसऱ्याच्या दारात जाऊन 'मला तेवढं सोडता का' म्हणणं नाझमियेच्या रक्तात नाही. साठीला टेकलेली बाई खळ्यावर जाऊन एकटीच गाडी शिकली. सोसायटीच्या भिंतीचा कोपरा अजून तिच्या नावानं फुटका आहे. गाव पोट धरून हसलं, आणि मग तेच गाव तिच्याकडून बाजारातून औषधं मागवायला लागलं.

मी मुझेय्येन, तिची शेजारीण. आमच्या दोन अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत आहे, त्यामुळे त्या घरातलं मला कळलं नाही असं काही नाही. हुलुसी मला कधीच फारसा आवडला नाही, आणि हे मी त्याच्या तोंडावर सांगितलेलं आहे. माणूस कष्टाळू, व्यवहाराला चोख, पण खेचरासारखा अडेल. एकदा पाय रोवले की रोवले.

त्याचा धाकटा भाऊ सेय्फी वर डोंगरात, इलिजाबाशीला असतो. तिथल्या गरम झऱ्यांवर पुरुषांचा हमाम आहे, त्यात तो लोकांची अंगं घासायचं काम करतो. बऱ्याच वर्षांपूर्वी या दोघांची आई सांधेदुखीनं जेरीस आली होती, आणि तिला एकदा त्या पाण्यात बसायचं होतं. हुलुसी म्हणाला, हृदय अधू आहे, डॉक्टर नको म्हणालेत, जायचं नाही. म्हातारीनं गुपचूप सेय्फीला निरोप धाडला. तो गाडी घेऊन आला आणि आईला घेऊन निघाला. आमच्याकडे कुणी प्रवासाला निघालं की त्याच्या मागे रस्त्यावर सुरईभर पाणी ओततात, पाण्यासारखा जा आणि पाण्यासारखा परत ये म्हणून. त्या दिवशी नाझमिये सुरई घेऊन फाटकाशी आली तर हुलुसी आडवा उभा राहिला. "माझ्या मनाविरुद्ध निघालेल्यांच्या मागे माझ्या घरचं पाणी ओतायचं नाही," म्हणाला. नाझमिये भरली सुरई घेऊन परत आत गेली. आठवडाभरात म्हातारी परत आली ती शवपेटीतून.

दफन झाल्यावर सेय्फी खाली मान घालून थोरल्या भावासमोर आला आणि त्याचा हात चुंबायला वाकला. हुलुसीनं उजवा हात कोटाच्या खिशात घातला. साऱ्या गावादेखत. तेव्हापासून दोघांचा अबोला. ईदच्या सकाळी गावभरचे धाकटे थोरल्यांचे हात चुंबून कपाळाला लावत हिंडायचे, आणि हुलुसी आपल्या ओट्यावर सिगारेट ओढत बसायचा. सेय्फी डोंगर उतरला नाही.

या वर्षी बेदाणे वाळवून पोत्यांत भरून झाले, आणि एका सकाळी नाझमिये भिंतीवरून म्हणाली, "मुझेय्येन, आवर. इलिजाबाशीला जायचंय. तुझे गुडघे शेकून आणू."

"माझ्या गुडघ्यांचा एवढा पुळका कधीपासून?"

"हुलुसीला न्यायचंय. चढवायला-उतरवायला दुसरं माणूस हवं."

"आणि सेय्फी त्याला आत घेणार आहे होय?"

तिनं हातातला ओला सदरा भिंतीवर ठेवला. "आम्हाला मुलगा नाही. उद्या ह्याचं काही झालं तर शेवटची आंघोळ कोण घालणार? कुणीतरी परका? सख्खा भाऊ जिवंत असताना? अबोला सुटल्याशिवाय सेय्फी ह्या फाटकात पाऊल टाकायचा नाही. आणि हा हिवाळा काढेल असं मला वाटत नाही गं."

"हुलुसीला विचारलंस?"

"त्यानं मला कधी काय विचारलं होतं?"

मी माझा टॉवेल घेऊन आले. दोघींनी मिळून हुलुसीला टोपलीत बसवलं, पाठीला उशी, पायांवर गोधडी. त्याचा लुळा हात टोपलीबाहेर लोंबून चाकात जाऊ नये म्हणून नाझमियेनं तो कोटाच्या खिशात घातला. एरवी त्यांच्या मागे पाणी ओतायचं काम माझं. आज मीच मागे बसलेली. तर या बाईनं स्वतःच सुरई आणली, गाडीमागे धडाधडा ओतली, सुरई भिंतीवर ठेवली आणि मग गाडीवर बसली.

"स्वतःच्याच मागे पाणी ओतणारी तू पहिलीच," मी म्हणाले.

"मला नाही, त्याला ओतलं," ती म्हणाली आणि किक मारली.

सपाटीवर सकाळ छान होती. बेदाण्यांची अंगणं रिकामी पडलेली, वेलींची पानं लाल व्हायला लागलेली. हुलुसी डोळे मिटून वारा खात होता. पूल ओलांडल्यावर नाझमियेनं डोंगराकडे गाडी वळवली आणि त्यानं डोळे उघडले. कुठं निघालोय ते त्याला तिथं कळलं असणार. त्यानं डाव्या हातानं टोपलीची कड पकडली, ती शेवटपर्यंत सोडली नाही. त्याची बोटं पांढरी पडली होती. मी नाझमियेच्या कानात ओरडले, "त्याला कळलंय बरं!" तिनं ऐकलं नसल्याचं सोंग केलं.

घाटाच्या पायथ्याशी एका कोवळ्या शिपायानं आम्हाला थांबवलं. दोन म्हाताऱ्या मोटारसायकलवर, बिचाऱ्याला आधी हसू आवरेना.

"मावशी, लायसन?"

"त्याच्या खिशात आहे. तो काय, बसलाय गाडीतच."

"अहो, चालवताय तुम्ही."

"मग त्याला सांग चालवायला. मी टोपलीत बसते, मला कुठं हौस आहे?"

पोरानं वाकून हुलुसीकडे पाहिलं, आणि त्याचं हसू गेलं. त्यानं टाचा जुळवून सलाम ठोकला, टोपी सारखी केली आणि आम्हाला जाऊ दिलं. "सावकाश जा, मावशी," एवढंच म्हणाला.

घाटात वळणामागून वळण. खाली दरी, वर पाइनची झाडं, आणि मध्ये नाझमिये दात आवळून. उजवीकडचं वळण आलं की टोपलीचं चाक हलकं होतं, म्हणून मी त्या बाजूला कलायची. ही अक्कल मला कुणी शिकवली नाही, भीतीनं शिकवली. अर्ध्या वाटेवर एका चिनाराखाली झरा आहे, तिथं इंजिन निवायला थांबलो. नाझमियेनं त्याला ओंजळीनं पाणी पाजलं, भाकरीत चीज घालून घास करून दिले. त्यानं तोंड फिरवलं. दुसऱ्यांदा दिला तर घास थुंकला.

"पाहिलंस?" मी म्हणाले. "चल परत. नको म्हणतोय तो."

नाझमिये त्याच्यासमोर उकिडवी बसली. "तू मर्द गडी आहेस, तुझं तू मरशील," ती म्हणाली. "पण मागे मी राहायचीय. त्या फाटकाशी मी एकदा सुरई घेऊन परत फिरले. तुझ्या आईनं गाडीतून मागे वळून पाहिलं होतं, मी ओततेय का म्हणून. ते तू पाहिलं नाहीस. मी पाहिलं. आजवर कुणाला सांगितलं नाही." मग तिनं त्याचं तोंड पुसलं आणि उठली. मलाही ती हे पहिल्यांदाच बोलली होती. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी उगाच टायर पाहात बसले.

इलिजाबाशी आलं ते आधी नाकाला कळलं. गंधकाचा वास, मग छपरांमधून वर येणारी वाफ, मग हमामाचं आवार. नाझमियेनं गाडी थेट पुरुषांच्या दाराशी नेऊन उभी केली. आत बाईमाणसाला जाता येत नाही, म्हणून तिनं दारातूनच हाक मारली. सेय्फी बाहेर आला, कमरेला पंचा, पायांत खडावा, हातात घासायचा खरखरीत मोजा. पार वाळला होता. गाडी त्यानं लगेच ओळखली. टोपलीतलं माणूस ओळखायला त्याला वेळ लागला.

"सेय्फी, तुझ्या आबीला आणलंय," नाझमिये म्हणाली. थोरल्या भावाला आमच्याकडे आबीच म्हणतात. "डॉक्टर म्हणालेत, कोमट पाणी चालेल. आत ने."

सेय्फी टोपलीपासून चार हातांवर उभा राहिला. "नाही येंगे, मी नेणार नाही." थोरल्या भावाच्या बायकोला तो अजून त्याच मानानं हाक मारत होता. "आईला नेलं, तर मी मारेकरी ठरलो. आई तरी स्वतःच्या तोंडानं म्हणाली होती, मला ने म्हणून. ह्यानं काय म्हटलंय? सांग, ह्याला इथं यायचं होतं?"

नाझमियेनं मान हलवली, नाही म्हणून. खोटं तिला कधी बोलता आलं नाही.

"बघ," सेय्फी म्हणाला. "मी ह्याच्या हाताशी एकदा वाकलोय. पुन्हा वाकायची माझ्यात ताकद नाही." आणि तो दाराकडे वळला.

खडावा दोनदा वाजल्या असतील. तेवढ्यात टोपलीची कड खडखडली. हुलुसीनं डावा हात सोडवला होता. तो हात त्यानं अंगावरून ओढत पलीकडच्या खिशापाशी नेला. बोटं खिशात जाईनात. कोट वर सरकला, गोधडी घसरली. नाझमिये मदतीला वाकली तर त्यानं घशातून असा काही आवाज काढला की ती मागे झाली. सेय्फी वळून पाहात होता. हुलुसीनं डाव्या हातानं उजव्याचं मनगट धरलं, तो मेलेला हात खिशातून बाहेर ओढला, आणि दोन्ही हातांचा भार घेऊन भावासमोर धरला. तो हात त्यानं खाली येऊ दिला नाही.

सेय्फी त्या दगडी फरशीवर गुडघ्यांवर आला. हात घेतला, ओठांना लावला, कपाळाला लावला, आणि कपाळ तिथून काढलंच नाही. "आबी," म्हणाला. "आबी, आबी." हुलुसीच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहात होतं, उजव्यातूनही. या माणसाला मी अडेल म्हणाले होते. अडेल होताच, पण त्या घटकेला तो मला आवडला.

सेय्फीनं त्याला पोत्यासारखं नाही, पोरासारखं उचललं आणि आत नेलं. आम्ही दोघी बाहेर बाकावर बसलो. माझे गुडघे राहिले तसेच. आतून संगमरवरावर वाडगं ठेवल्याचा आवाज यायचा, पाणी पडायचं, आणि सेय्फीचं बोलणं ऐकू यायचं, न थांबता, इतक्या वर्षांचं सगळं. नाझमियेच्या मांडीवर हुलुसीचे जोडे होते. ते ती रुमालाच्या टोकानं पुसत बसली, स्वच्छ होते तरी.

हुलुसी बाहेर आला तो लालबुंद, केस विंचरलेला. सेय्फीचेही डोळे लाल होते. गंधकामुळे होतात, म्हणाला. वसंतात पुन्हा आणायचं ठरलं. आम्ही निघालो आणि मागून खडावा धावत आल्या. सेय्फीनं वाडगंभर गरम पाणी आमच्या मागे रस्त्यावर ओतलं. नाझमियेनं आरशात पाहिलं, आणि पुढची दोन वळणं तिला धड दिसत नव्हतं, मला ठाऊक आहे.

हुलुसी जानेवारीत गेला. वेलींची छाटणीही सुरू झाली नव्हती. सेय्फी बर्फातून पहिल्या बसनं खाली आला, काखेत तो मोजा आणि वाडगं. फाटकात क्षणभर थबकला आणि आत आला. आंघोळीचं पाणी त्यानं स्वतः कोपर घालून पाहिलं. "कढत नको," म्हणाला, "कोमट ठेवा. त्याला चालत नाही."

पुरुषांनी शवपेटी खांद्यावर घेतली. ती फाटकाबाहेर पडली, आणि मी पाहते तर नाझमिये सुरई घेऊन मागे धावलेली, आणि पाणी ओततेय. जन्मभराची सवय. बायकांनी श्वास रोखला. परत यायचं असतं त्याच्या मागे पाणी ओततात, कबरीकडे निघालेल्याच्या मागे कुणी ओतत नाही. कुणीतरी म्हणालंच, "अगं, हे काय करतेस!" नाझमियेला तेव्हा कळलं. ती अर्धी सुरई हातात घेऊन रस्त्यात तशीच उभी राहिली.

पेटीखाली सेय्फी होता. तो थांबला, म्हणून सगळेच थांबले. त्यानं मान वळवली.

"येंगे," तो म्हणाला, "उरलेलं आईच्या वाटचं आहे. तेही ओत."