शेवटचे पान आधी

परवा वाचनालयातून आणलेल्या जुन्या कादंबरीच्या बांधणीला खळीचा वास आला आणि कित्येक वर्षांपूर्वी जळगावच्या एसटी स्टँडवर बसलेली अक्का, माझी थोरली बहीण, आठवली. दिवाळीचे माहेरपण संपवून ती यावलला सासरी निघाली होती. तिथे पुस्तक हाती धरण्याची सोय नव्हती. म्हणून ती बाकावर घाईघाईने, वाचनालयाची तशाच खळीच्या वासाची प्रेमकथा वाचत होती. शेवटचे पान आधी पाहायचे आणि शेवट गोड असेल तरच कादंबरी घ्यायची, ही तिची जुनी रीत.

“शेवट ठाऊक आहे, मग घाई कसली?” मी चिडवले.

“शेवट गोड शे, एवढं माहीत असलं ना भाऊ, की मधलं सोसवतं,” ती आमच्या खानदेशी बोलीत म्हणाली.

तेवढ्यात बस लागली. पुस्तक माझ्या हाती देत ती म्हणाली, “निम्मं राहिलं. पुढच्या दिवाळीला हेच आणून ठेवशील?”

मी हसून मान डोलावली, आणि विसरलो.

परवा ती जुनी कादंबरी घेऊन थकून खुर्चीत टेकलो, तेव्हा माझ्याही हातांनी नकळत शेवटचेच पान उघडले. शेवट गोड होता. तरीही पहिल्या पानाकडे वळवेना. अक्काचे मधले दिवस कसे गेले, हे मी तिला कधी विचारलेच नव्हते.