धाकट्याची उघडी गाडी

मंडळी, आज दुपारपासून घास उतरत नाही.

माझ्या धाकट्या भावाने पुण्याहून जुनी परदेशी स्पोर्ट्स कार विकत आणली. बटण दाबलं की छप्पर मागे जातं, बसायला जागा दोघांनाच. थोरला म्हणून नारळ मी फोडला. म्हटलं, "आपल्या शिंदखेड्याच्या धुळीत टिकेल का ही?"

तो हसला आणि माझ्या बायकोला म्हणाला, "वहिनी, पहिला मान तुम्हना शे."

ती त्याच्यासोबत दोंडाईच्यापर्यंत फिरून आली. केस विस्कटलेले, डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला आणि हसू थांबेना. माझ्या स्कूटरवर इतक्या वर्षांत ती अशी कधी हसली नाही.

"तुम्ही बी बठा ना," ती म्हणाली. मी पाठदुखीचं कारण सांगितलं. पाठ दुखत नाही.

उद्या धाकटा मला न्यायला येणार आहे. मंडळी, बसलो आणि मलाही हसू आलं, तर काय करू?