धुऱ्याअलीकडची मशीन

"ताई, चाक धुऱ्याच्या तिकडं गेलं नाही पाह्यजे," सुभाषभाऊंनी पुन्हा बजावलं.

इंझोरीजवळच्या त्यांच्या सोयाबीनमध्ये आम्ही आपोआप चालणारी, ओळींमधलं तण काढणारी कोळपणीची मशीन आणली होती. तिचं कंट्रोल सॉफ्टवेअर मी लिहिते. ओळ संपली की मशीन घेर घेऊन वळायची आणि तो घेर धुरा, म्हणजे दोन शेतांमधला बांध, ओलांडून जायचा. पलीकडचं वावर सुभाषभाऊंच्या मोठ्या भावाचं, वसंतरावांचं. धुऱ्याचं भांडण नुकतंच मिटलेलं.

"पोरीचं लगन हाये. तिचे मोठेबाबा मांडवात आले पाह्यजे. तुमच्या मशीनपायी वाकडं नको."

आमच्या टीमप्रमुख सरांना फोन लावला. "मागच्या चाकांनाही स्टीअरिंग बसवू," सर म्हणाले. "मशीन परत पाठव."

"तोवर कोळपणी संपेल, सर. आहे त्यातच होतं का पाहते."

मशीन दोन्ही दिशांनी कोळपते, त्यामुळे वळायची गरज नव्हती. बाजूच्या ओळीसमोर सरकली की झालं. पण चाकांची गाडी आडवी सरकत नाही. इथे आमचं जिऑमेट्रिक कंट्रोल कामी येतं. आधी चाक वळवून मग पुढे जा, किंवा आधी पुढे जाऊन मग चाक वळवा. चाली त्याच, पण मशीन वेगळ्या जागी उभी राहते. त्या फरकातून जी नवी दिशा मिळते, तिला आम्ही ब्रॅकेट म्हणतो. अशा दिशा धरून सगळीकडे पोचता आलं, तर मशीन कंट्रोलेबल. कागदावर आमची होती.

मग तशा चाली लिहिल्या. पुढे जाताना थोडं डावीकडे, मग थोडं उजवीकडे, मग सरळ मागे. पुन्हा तेच. चाक धुऱ्याअलीकडेच थांबत होतं आणि मशीन मुंगीच्या पावलांनी आडवी सरकत होती. मला इतका आनंद झाला की मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

वसंतराव त्यांच्या बाजूने, हात मागे बांधून, हे सगळं पाहत होते.

"हे असं मागं-पुढं कायले करून राह्यली?"

सुभाषभाऊ खाली पाहू लागले. मीच म्हटलं, "धुरा ओलांडायचा नाही ना, काकाजी."

ते दोन पावलं पुढे येऊन धुऱ्यावर उभे राहिले.

"मशीनले का भाऊबंदकी असते? वळू दे इकडून." मग भावाकडे वळून म्हणाले, "अन् तू पत्रिका कवा आणून राह्यला?"

"संध्याकाळीच आणतो, दादा," सुभाषभाऊ म्हणाले.

मी जुना प्रोग्राम परत चढवला. ब्रॅकेटचा कोड अजून मशीनमध्ये पडून आहे. सरांना रिपोर्ट दिला, चाचणी यशस्वी. आता मात्र गणिताला बसण्याआधी मी शेजारच्या वावराच्या मालकाला भेटून येते.