गायरानावर नेलेला भुकटीचा डबा

वसमतहून निघालेली एस.टी. शिरड शहापूरच्या फाट्यावर थांबली, तेव्हाही मांडीवरचा डबा मी दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. आत पांढरी भुकटी होती, मक्याच्या पिठापासून केलेली. चिमूटभर भुकटी तांब्याभर पाणी पिऊन फुगते आणि ते पाणी, त्यात युरिया विरघळवला तर तोही, मुळांना हळूहळू देते. शेतकी कॉलेजातल्या मित्राने डबा देताना बजावले होते, "एकाच घराच्या रोपांना घाल. बाकीची तुलनेसाठी तशीच ठेव." असा शोध बड्या बागाइतदारांच्या आधी भूमिहीनांच्या खड्ड्यात पोचलाच पाहिजे, या हट्टाने मी भर मे महिन्यात निघालो होतो.

कोसभर चालल्यावर गायरान लागले. मुरमाड उतार, सावलीला एक बाभूळ. बौद्ध वस्तीतल्या बारा घरांनी तो कसायला घेऊन लिंबाची रोपे लावली होती. चार दिवसांनी तलाठी पंचनाम्याला येणार होता. ज्याच्या तुकड्यात जिवंत झाड, त्याचाच कब्जा कागदावर चढणार. पाणी मात्र दीड मैलावरच्या विहिरीतून, बायकांच्या डोक्यावरून.

"जय भीम, लेकरा. आदी भाकर खा," कौसाबाई म्हणाल्या. वस्तीत त्यांचा शब्द चाले. भाकरी, अंबाडीची भाजी आणि लाल ठेचा. माझे डोळे वाहू लागलेले पाहून त्या हसल्या, "हे बी पाणी धर की तुझ्या भुकटीत!"

प्रयोग त्यांच्याच दहा रोपांवर ठरला. "खड्ड्याला एक चिमूट," असे सांगून मी बायकांबरोबर विहिरीवर गेलो. परत येतो तो डबा रिकामा.

"पेरणीला आमी मूठ धरतो, पयलं बी मूठ भरून टाकतो. मातीला काय चिमटीनं देतेत?" कौसाबाई म्हणाल्या. वर त्यांनी खड्ड्याखड्ड्यात घागर ओतली.

सकाळी दहाही रोपे आडवी! काचेसारखा लगदा फुगून खड्ड्यांबाहेर आला होता.

शेजारची सुभद्रा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "दादा, तुमच्या पुस्तकात झाडं अशीच निजतेत व्हय?"

तीन दिवस उरले होते आणि कौसाबाईंची जमीन मी घालवून बसलो होतो.

त्या मात्र मूठभर लगदा दाबून पाहत होत्या. पाणी गळत नव्हते. "काहून तोंड पाडून राहिला? एका खड्ड्यात धा-बारा झाडांचं पाणी हाय. वाटा समद्यांत."

ऊन चढायच्या आत आम्ही लगदा घमेल्यांत भरला, मातीत कालवला आणि बाराही घरांच्या रोपांच्या मुळाशी घातला. आडवी रोपे पुन्हा उभी केली. नंतरचे तीन दिवस एकही घागर उतारावर चढली नाही.

तलाठी आला आणि भिजल्या मातीकडे पाहून गुरकावला, "आज सकाळी रोपं खोवून, पाणी ओतून मला दाखवता होय?"

कौसाबाईंनी बोटाने माती उकरली आणि गार गोळा त्याच्या तळहातावर ठेवला. "दाबा सायेब. तीन दिसाचं पाणी हाय."

त्याने दाबला. पुन्हा दाबला. मग लिहू लागला. कौसाबाईंची दोन रोपे वाळली होती, आठ जिवंत. कागदावर बाराही नावे चढली.

परतीच्या गाडीत रिकामा डबा मांडीवर होता. तुलनेला एकही कोरडे रोप उरले नाही, हे ऐकून मित्र प्रयोग फसला म्हणेल. म्हणू दे. कोणाच्या घरचे झाड वाळू द्यायचे होते, ते त्याने स्वतः येऊन कौसाबाईंना सांगावे.