तिपाईचं उत्तर

कल्पना करा, ब्रिजच्या डावात तुमच्या हातात तेरा पानं आहेत. चांगली आहेत. एक्के, राजे, राण्या, सगळी दरबारी मंडळी जमलीत. टेबलापलीकडे तुमचा भागीदार बसलाय, त्याच्याही हातात तेरा पानं, पण ती तुम्हाला दिसत नाहीत. डाव्या-उजव्या हाताला प्रतिस्पर्धी. बोलायचं नाही, खाकरायचं नाही, भुवईसुद्धा उचलायची नाही. समोरच्या डबीतून बोलीचं कार्ड काढून टेबलावर ठेवायचं, तेवढीच तुमची भाषा. त्यातही प्रत्येक बोली आधीच्या बोलीपेक्षा वरची हवी. एकदा पायरी चढलात की मागची पायरी गेली. फार वर चढलात तर तेवढे हात करून दाखवावे लागतात, नाहीतर तोंडावर आपटायचं. आता समोरच्याची तेराच्या तेरा पानं ओळखा.

कसं कराल?

बहुतेक लोक दोघंही थोडं थोडं सांगतात आणि बाकीचं देवावर सोडतात. पण एक दुसरी पद्धत आहे. ज्याच्याकडे जोर आहे त्यानं म्हणायचं, ‘एक किलवर’. त्याचा किलवरशी काही संबंध नाही. त्याचा अर्थ, ‘मी बलवान आहे, आता मी विचारणार.’ तिथून पुढे तो फक्त सगळ्यात स्वस्त बोली लावत राहतो, आणि प्रत्येक वेळी तिचा अर्थ एवढाच, ‘पुढे?’ समोरचा सांगत जातो. कुठल्या रंगाची पानं जास्त, कुठल्याची कमी, एक्के-राजे किती. शेवटी विचारणाऱ्याला सगळं कळतं. सांगणाऱ्याला मात्र विचारणाऱ्याच्या पानांतलं ओ की ठो कळत नाही. तो स्वतः उघडा पडलेला असतो आणि समोरचा जिथं थांबेल ते मुकाट मान्य करतो.

ही पद्धत दोन माणसांनी मिळून घडवली होती. त्यांतला एक कवळीवाला.

कवळीवाला म्हणजे खरोखरच कवळ्या करणारा. त्याची खोली दवाखान्याच्या मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर. खिडकीत प्लास्टरचे जबडे वाळत ठेवलेले असायचे, त्यामुळे रस्त्यावरून वर पाहिलं की कोणीतरी दात विचकून हसतंय असं वाटे. दातांचे डॉक्टर तोंडाचा ठसा पाठवत. हा त्यावरून जबडा ओतायचा, मेणात एकेक दात बसवायचा, तासायचा, घासायचा. वरचा जबडा खालच्यावर कसा टेकतो, एवढ्या एका गोष्टीत त्यानं आयुष्य घातलं होतं. पत्त्यांच्या क्लबातले चेष्टा करायचे, “ह्याच्यासमोर जांभई देऊ नका रे, माप घेईल.”

दुसरे त्याचे दाजी, मोठ्या बहिणीचे यजमान. नकाशे काढणाऱ्या कचेरीतून निवृत्त झालेले. रेघ सरळ, बोलणं मोजकं, कपड्यांना कडक इस्त्री. त्यांची कवळी अर्थातच मेहुण्यानं केलेली. पुढचा एक दात त्यानं मुद्दाम किंचित वाकडा बसवला होता, म्हणजे खरा वाटावा. कवळी पहिल्यांदा तोंडात घालून दाजी आरशासमोर उभे राहिले तेव्हा ताई म्हणाली होती, “अगंबाई, लग्नातले दिसताय.”

पद्धत ताईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर घडली. दर सुट्टीच्या दुपारी दोघं पानं वाटून बसायचे. एक विचारायचा, दुसरा सांगायचा, मग पानं उघडी करून तपासायचे. ताई भांडी लावता लावता म्हणायची, “पोलीस आणि चोर बसल्यासारखं वाटतं मला. एक दरडावतोय, एक कबूल होतोय.”

“आज चोर कोण आहे?” दाजी विचारायचे.

“ज्याचा चहा गार झालाय तो.”

सगळं बसत आलं होतं. एक भोक तेवढं बुजत नव्हतं. तीन रंग चार-चार पानांचे आणि चौथ्या रंगाचं एकुलतं एक पान, अशी पानं आली की पद्धत कोलमडायची. तीन पाय धड आणि चौथा नावाला, म्हणून दोघांनी त्याला नाव दिलं होतं ‘तिपाई’. तिपाई सांगायला इतक्या पायऱ्या लागत की ती कळेपर्यंत थांबायची जागा मागे पडलेली असायची. कवळीवाला जबडा घासताना तिचा विचार करायचा, जेवताना करायचा. नवे नवे उपाय घेऊन यायचा आणि दाजी शांतपणे त्यात खोट काढायचे.

एका दुपारी दाजी बोलता बोलता थांबले. दोन बोटं टेबलावर, नजर खिडकीबाहेर. मग स्वतःशीच हसले.

“काय झालं?” कवळीवाल्यानं विचारलं.

“काही नाही रे. चहा घे.”

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दाजींनी खेळणं सोडलं. त्याच टेबलाशी बसून सांगितलं. “दुकानात गेलो आणि काय आणायचं तेच विसरलो. पद्धतीतल्या पायऱ्या चुकायला लागल्यात. आता नाही जमायचं.”

कवळीवाला म्हणाला, “तुम्ही चुका हो. मी सावरून घेईन.”

“नको. माझ्यापायी तुझं नाव खराब होईल.”

ताई पाठमोरी इस्त्री करत होती. ताईनं गप्प बसणं ही काही रोजची गोष्ट नव्हती, पण त्या दिवशी ते त्याच्या ध्यानात आलं नाही.

तो मात्र ताईकडे जात राहिला. डोक्याला चालना मिळावी म्हणून पानं पालथी मांडून जोड्या शोधायचा लहान मुलांचा खेळ तो दाजींबरोबर खेळायचा. दाजी चुकीचं पान उलटायचे, कपाळाला हात लावायचे. आपल्याला जोडी ठाऊक असूनही हा मुद्दाम भलतंच पान उलटायचा, त्यांना वाईट वाटू नये म्हणून. जाताना ताईला हळूच सांगायचा, “आज बरे होते.” ताई म्हणायची, “हं.”

त्याच सुमारास क्लबात एक डॉक्टरीणबाई नव्यानं आल्या होत्या. ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या. हुशार, नेमक्या, खेळात थंड डोक्याच्या. यंदा विभागाच्या संघासाठी जोड्या निवडणार होते आणि बाईंना भागीदार हवा होता. त्या कवळीवाल्याच्या खोलीवर आल्या, जबड्यांच्या रांगेकडे बघत म्हणाल्या, “तुमची ती विचारा-सांगायची पद्धत मला शिकवा ना. आपण दोघं निवडीला बसू.”

संघात जायचं त्याच्या मनात फार दिवसांचं होतं. हात पुढे करायचा अवकाश होता. पण तो म्हणाला, “ती माझी एकट्याची नाही, दोघांची आहे. दाजी खेळत नाहीत, तर ती बंद.”

“बंद म्हणजे कायमची?”

“कायमची.”

बाईंनी आणखी काही विचारलं नाही. ‘मोठ्या मनाचे आहात’ असं काहीतरी म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या. त्या दिवशी त्याला स्वतःचं फार बरं वाटलं होतं. पुढे ते आठवलं की अंगाची लाही व्हायची.

निवडीच्या स्पर्धेला तो बेकरीवाल्याबरोबर बसला. बेकरीवाल्याची पद्धत सरळ होती, ‘जे दिसेल ते बोल, जे होईल ते भोग’. ही जोडी निवडली जायची नव्हतीच, पण घरी बसवत नव्हतं. हॉल मोठा, टेबलं पुष्कळ. घंटा झाली की जोड्या पुढच्या टेबलावर सरकायच्या. असंच सरकत सरकत दोघं एका टेबलाशी आले, आणि तिथं कडक इस्त्रीचा सदरा घालून दाजी बसले होते. समोर डॉक्टरीणबाई.

“अरे,” दाजी म्हणाले. “तू?”

“मी येणारच होतो. तुम्हाला रस्ता कसा आठवला?”

बेकरीवाल्याला काही ठाऊक नव्हतं. “ओळख आहे वाटतं?”

“सख्ख्या बहिणीचे यजमान.”

“वा! म्हणजे घरचाच मामला. दाजी, मेहुण्याला सांभाळून घ्या बरं, आधीच शेवटून पहिले आहोत आम्ही.”

डॉक्टरीणबाई डबीतली कार्डं उगाच सारखी करत राहिल्या.

पानं उचलली गेली. दाजींनी कार्ड ठेवलं, एक किलवर. बेकरीवाल्यानं पास दिला. बाईंनी ठेवलं, दोन इस्पिक.

कवळीवाला त्या कार्डाकडे बघत राहिला. त्याच्या आणि दाजींच्या पद्धतीत ही पायरी वापराविना पडून होती. इस्पिकची पुष्कळ पण हलकी पानं आली तर असावी म्हणून ठेवलेली, आणि तशी पानं कधी आलीच नव्हती. दाजींनी नियमाप्रमाणे इशाऱ्याचं कार्ड टेबलावर सरकवलं, म्हणजे ही बोली दिसते तशी नाही. अशा वेळी प्रतिस्पर्ध्याला अर्थ विचारायचा हक्क असतो, आणि तो बोली लावणाऱ्याच्या भागीदारानं सांगायचा असतो. खरा, आणि पूर्ण.

“दोन इस्पिक म्हणजे?” कवळीवाल्यानं विचारलं.

दाजींनी ओठांवरून जीभ फिरवली. “बऱ्यापैकी ताकद. तीन रंग चार-चार. एका रंगाचं एकच पान.”

“तिपाई.”

“हो,” दाजी म्हणाले. “तिपाई.”

तो शब्द ऐकून बाईंनी चटकन वर पाहिलं, गर्दीत ओळखीचं माणूस दिसावं तसं. म्हणजे नावही तेच ठेवलं होतं.

“एकच पान कोणत्या रंगाचं?”

“ते अजून मला माहीत नाही. आता विचारीन.”

दाजींनी विचारलं. बाईंनी तीन बदाम लावले. “बदाम एकच,” दाजींनी न विचारताच सांगितलं आणि लगेच तीन बिनहुकूमवर थांबले. डाव जेमतेम झाला. पानं उघडी पडली तेव्हा कळलं की बदामाचे राजा, राणी, गुलाम दाजींकडे होते आणि समोर बदामाचं एकुलतं पान. ताकद सगळी वाया गेलेली. बाकीच्या टेबलांवर लोक एक्के-राजे मोजण्याच्या भरात वर चढून आपटले होते. हे दोघं योग्य पायरीवर थांबले होते.

“कमाल आहे बुवा!” बेकरीवाला म्हणाला. “इथं थांबायचं कसं सुचलं?”

दाजी पानं गोळा करायला लागले.

मधल्या सुट्टीत कवळीवाल्यानं दाजींना पाण्याच्या पिंपापाशी गाठलं. “स्मरणशक्ती परत आली. अभिनंदन.”

“तिरकं बोलू नकोस.”

“मग सरळ बोलतो. मला का नाही सांगितलं?”

“तुला वाईट वाटलं असतं.”

“आणि आता काय, गुदगुल्या होतायत?”

दाजी पेल्यातल्या पाण्याकडे बघत म्हणाले, “ती माझ्याकडे आपणहून आली. तुझ्याकडेही आली होती. तू तिला हाकललंस.”

“तुमच्यासाठी हाकललं!”

“मी सांगितलं होतं का तसं करायला?”

घंटा झाली. दाजी पेला उपडा ठेवून गेले. संध्याकाळी निकाल लागला. संघात दाजी आणि डॉक्टरीणबाईंचं नाव होतं.

त्यानं ताईला फोन केला. “तुला माहीत होतं?”

ताई म्हणाली, “घरात नुसते भिंतीकडे बघत बसायचे रे. मग परत हसायला लागले. मला तेवढंच दिसलं.”

“कधीपासून, ताई?”

“तारखा मला विचारू नकोस. मी तुम्हा दोघांच्या मधे पडणार नाही.”

तारीखच तर हवी होती. डॉक्टरीणबाई कवळीवाल्याकडून नकार घेऊन दाजींकडे गेल्या असतील, मग दाजींना हुरूप आला असेल, मग कधीतरी तिपाईचा उपाय सुचला असेल, तर ते एक वेळ गिळता आलं असतं. म्हाताऱ्या माणसाला पुन्हा खेळावंसं वाटलं, झालं. पण ती खिडकीबाहेरची नजर आणि ते हसू? त्या दुपारीच उपाय सापडला असेल, तर विसरणं खोटं, दुकानाची गोष्ट खोटी, पालथ्या पानांवर कपाळाला लावलेला हातही खोटा.

काही आठवड्यांनी दाजी त्याच्या खोलीचा जिना चढून आले. खालची कवळी टोचत होती. घरच्या माणसाला बाहेर कुठं पाठवायचं, म्हणून त्यांची दुरुस्ती नेहमी हाच करायचा. आजही त्यानं खुर्ची पुढे केली.

“बसा. आ करा.”

त्यानं दातांमध्ये निळा कागद धरला. “चावा. घासा. उघडा.” जिथं जास्त दाब पडतो तिथं निळा ठिपका उमटतो. ठिपका सापडला. त्यानं कवळी हातात घेतली आणि दाजी रुमाल तोंडाशी धरून बसले, गालफडं आत गेलेले, एकदम म्हातारे. यंत्राच्या आवाजात दोघांना बोलावं लागलं नाही. तासून झाल्यावर त्यानं कवळी धुऊन दिली.

“बसली?”

“बसली.” दाजी उठले. दारापर्यंत गेले आणि वळले. “तुला अजून काही विचारायचंय, हो ना?”

कवळीवाला त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. खरा वाटावा म्हणून त्यानंच वाकडा बसवलेला तो दात ओठाआडून दिसत होता. इथं टेबल नव्हतं, नियम नव्हता, खरं आणि पूर्ण सांगायची सक्ती कुणावरच नव्हती. दाजी म्हणतील ते त्याला ऐकून घ्यावं लागलं असतं.

“सावकाश उतरा,” तो म्हणाला. “जिन्यात अंधार आहे.”

पावलं खाली गेली. त्यानं यंत्राखालचा भुगा पुसला, निळा कागद डब्यात टाकला आणि खिडकीतला एक जबडा उचलून दुसऱ्यावर बसवून पाहिला. दोन्ही बरोबर बसले. मग रिकाम्या खुर्चीकडे बघत त्यानं तो प्रश्न एकदाचा मोठ्यानं विचारला.

“तिपाई सुटली तेव्हा, दाजी, तुमच्या समोरच्या खुर्चीत मी होतो का?”