दुसऱ्यांच्या कळा

परवा नातीचा फोन आला. पहिलं बाळ सिझेरियनने झालंय, आता दुसऱ्याचा विचार चाललाय, डॉक्टरीणबाईंनी किती थांबायला सांगितलंय... हे सगळं ती भाजी निवडता निवडता बोलत होती. मी नुसती "हो, हो" करत राहिले. फोन ठेवल्यावर जुनं सगळं आठवलं, म्हणून हे लिहितेय. अंगारे-धुपारे, बाहेरचं काही — यावर माझा काडीचा विश्वास नव्हता, आजही नाही. साधा नवससुद्धा मी कधी बोलले नाही.

जव्हार संस्थान विलीन झालं, त्यानंतरच्या चार-पाच वर्षांतली गोष्ट. हे जंगल खात्यात कारकून होते. जव्हारला असताना पहिल्या खेपेला मी अडले. ट्रकमधून नाशिकला नेईपर्यंत फार उशीर झाला. पोट कापून मूल काढलं, ते गेलेलंच होतं. मुलगा होता. डॉक्टरांनी बजावलं — तीन वर्षं थांबा, आणि पुढच्या वेळी कळा सुरू व्हायच्या आत इथे या. कळांनी जुना व्रण उसवला तर दोघंही हाती लागणार नाहीत.

मग बदली झाली ती मोखाड्याकडे, खोडाळ्याला. हे जंगलतोडीच्या देखरेखीला गेले की पंधरा-पंधरा दिवस घरी नसत. गावातल्या बायका माझ्या ओट्याला पाय लावत नसत. पोट फाडूनही जिवंत राहिलेली बाई त्यांनी कधी पाहिली नव्हती. मी विहिरीवर गेले की बोलणं थांबायचं. आठ-आठ दिवस माझा स्वतःचा आवाज माझ्या कानावर पडत नसे! मूल हवं होतं मला, फार हवं होतं. हे घरी असले की आम्ही हिशेब करायचो — पावसात रस्ता बंद, म्हणजे बाळ फाल्गुन-चैत्रात व्हायला हवं, म्हणजे दिवस ज्येष्ठ-आषाढात राहायला हवेत. नाहीतर पुढचं वर्ष.

एका दुपारी तांदूळ निवडताना बेंबीखालच्या व्रणात कळ आली. थांबली, पुन्हा आली. तासाभराने परसामागून देवली सुईण घाईने जाताना दिसली. तिकडे बाईला कळा लागल्या की कुणाला कळू देत नाहीत, नजर लागते म्हणून. सुईणही मागच्या वाटेने जाते. संध्याकाळी माझी कळ थांबली आणि दुसऱ्या दिवशी समजलं, वरच्या पाड्यावर मूल झालं. महिन्याभराने पुन्हा तसंच. तिसऱ्या वेळी न राहवून मी देवलीला हाक मारली, "कुणीतरी अडलंय ना?"

ती जागच्या जागी उभी राहिली. "तुला कोनी सांगला?"

मी व्रणावर हात ठेवला. ती जवळ आली. "कोनाला बोलू नको, बाय. भुताळी ठरवतील तुला."

भुताळी म्हणजे चेटकीण. मी आधीच एकटी, त्यात आणखी तोंड शिवून घेतलं.

पाचव्या वेळी कळा दुपारभर चालल्या आणि मध्येच एकदम थांबल्या. थोड्या वेळाने देवली येऊन ओट्यावर टेकली. ती बोलायच्या आत मी म्हणाले, "गेली ना?"

"पोर पन गेला," ती म्हणाली.

त्यानंतर कितीतरी दिवस मी ह्यांच्यापाशी मुलाचा विषय काढला नाही. भीती वाटायची, पण भीतीपेक्षा इच्छा मोठी होती. पुढच्या आषाढात दिवस राहिले.

माघात आठवा सरत आला. पुढच्या आठवड्यात नाशिकला मावशीकडे जायचं ठरलं होतं. हे जंगलात होते. सकाळी भाकऱ्या थापताना व्रणात कळ आली. मी सवयीने म्हटलं, कोण बरं बिचारी... आणि देवली मागून जाण्याची वाट बघत राहिले. दोन भाकऱ्या झाल्या, चार झाल्या. ती काही गेली नाही. शेवटी मीच तिच्या घरी गेले.

"आज कोनाचा नाय," ती म्हणाली. "कोनाचेच दिस भरले नायत." मग तिची नजर माझ्या पोटावर गेली. "बाय... ती कळ तुझीच हाय."

देवली जन्मात मोटारीत बसली नव्हती. त्या दिवशी माझा हात धरून नाशिकपर्यंत आली, वाटेत तीनदा ओकली, पण हात सोडला नाही. डॉक्टर म्हणाले, व्रण कागदासारखा पातळ झाला होता, अर्धा दिवस उशीर झाला असता तर... मुलगी झाली. चार पौंडांची, पण रडली मात्र खणखणीत.

त्या कळेचं कारण डॉक्टरांनी सांगितलं. आधीच्या पाच वेळांचं विचारलं तर म्हणाले, योगायोग. असेल. मला दुसरं कारण सापडलेलं नाही, आणि शोधून आता काय करणार?

पुन्हा पोट कापताना डॉक्टरांनी जुना व्रण कापून टाकला होता. खोडाळ्याला परतल्यावर तिसऱ्याच दिवशी देवली परसामागून घाईने गेली. मी पोटावर हात ठेवून थांबले. काहीच नाही. संध्याकाळपर्यंत काहीच नाही. वाटलं होतं, सुटल्यासारखं होईल. पण त्या घरात माझ्या सोबतीला दुसऱ्यांच्या त्या कळाच काय त्या होत्या, आणि त्या गेल्या होत्या. मुलगी मांडीवर झोपलेली आणि मी हुंदके देत होते. हे दारातून आत आले, त्यांना वाटलं, आनंदाने रडतेय.