बिरोबाचा पीळ

आकाराममामांनी आवळलेला नट सोडवायला दोन माणसं लागतात, अशी लोणंदच्या आमच्या वर्कशॉपमध्ये चेष्टा चालायची. मामांना मात्र ती पदवीच वाटायची. जतकडच्या मेंढपाळांच्या घरातला त्यांचा जन्म. तळ हलला की त्यांची आई धोंडुबाई घोड्यावर बिऱ्हाड बांधायची आणि गाठ मारून झाल्यावर दोरीला आणखी एक पीळ द्यायची. तो बिरोबाच्या नावाचा. घाटात तिचं ओझं कधी सुटलं नाही. पुढं मामा कुंडलकडं एका साखर कारखान्यात फिटर झाले. दोरीच्या जागी नट आला, पीळ तोच राहिला. एकतीस वर्षांत त्यांच्या हातची वाफेची एक नळी गळली नाही! निवृत्त होऊन लेकीकडं लोणंदला आले, घरी बसवेना म्हणून आमच्याकडं लागले.

मी, उत्कर्षा, इथं डिझाईन करते. उपग्रहातल्या दुर्बिणीची चौकट हे माझं पहिलं मोठं काम. वर उन्हात चौकट तापणार, सावलीत गारठणार, तरी आतला आरसा केसभरही हलता कामा नये. म्हणून मी तिला तीन पातळ पाय दिले होते. ताण आला की पायांनी लवायचं, आरशाला पत्ता लागू द्यायचा नाही. पायांचे नट आवळून जुळणी मामांनी केली.

चाचणीत चौकट गार केली आणि चित्राची एक कड धूसर झाली. चार दिवस मी माझीच गणितं तपासत बसले. पाचव्या दिवशी गिऱ्हाईकाचे दोन अधिकारी आले. डिझाईन बाद करून काम दुसरीकडं द्यायचं त्यांचं जवळपास ठरलंच होतं. "चूक माझीच असणार," मी म्हणाले. रडू येत होतं, खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात मामा पुढं आले.

"आवं सायेब, थांबा. पोरीचं गणित बरूबर हाय. चूक माज्या हाताची हाय."

"मामा, ठरल्याइतकंच आवळलं होतं ना? टॉर्क पाना वाजेपर्यंत?"

"व्हय की, कट्ट वाजला. मग साध्या पान्यानं वर एकेक पीळ दिला. बिरोबाचा. सवयीचा हात, ध्यानातच न्हाई आलं. आत्ता तुमी मान खाली घातली, तवा आठवलं."

मला असा संताप आला! चार दिवस मी स्वतःला खात होते. पण एकतीस वर्षांचं नाव त्या माणसानं परक्यांसमोर एका दमात खाली ठेवलं होतं. माझा राग तिथंच विरला.

अधिकाऱ्यांनी एक दिवस दिला. नट सोडवायला खरंच दोन माणसं लागली. पाय शाबूत होते, फक्त पिळल्यामुळं लवायचे थांबले होते. मामांनी पुन्हा आवळायला घेतलं. कट्ट वाजलं. त्यांचा हात साध्या पान्याकडं गेला आणि अर्ध्यातच थांबला. मग त्यांनी दोन्ही हात जोडले.

"देवा, हितं तुजं काम न्हाई. हे पोरीनं बांधलंय."

दुसऱ्या दिवशी चित्र कडेपर्यंत लख्ख आलं. आता मामांचा नट एकट्या माणसाला सुटतो, आणि तेही ते छाती काढूनच सांगतात.